झाड लावायच्या आधी टेप धरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, जमेल तसं कापून छापा, पण मृग निघायच्या आधी छापा एवढी विनंती, कारण एकदा पहिला पाऊस पडला की कोल्हापुरात जो तो रोप घेऊन खड्डा काढायला लागतोय आणि मग सांगून काही उपयोग होत नाही. दरवर्षी पेपरात वृक्षारोपणाचे फोटो येतात, आठ-दहा माणसं एका रोपाला हात लावून उभी असतात, बघून बरं वाटतं, खरंच वाटतं. पण माझी नजर त्या फोटोत आधी मागच्या भिंतीवर जाते. रोप आणि भिंत यांच्यात किती जागा आहे ते मी बघतो. बऱ्याच वेळा तीन फूट, फार तर चार फूट. आणि हातात रोप असतंय गुलमोहराचं, नाहीतर सप्तपर्णीचं.

मी घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. गळणारा स्लॅब, तुंबलेलं ड्रेनेज, भिंतीला गेलेला तडा, उचललेली फरशी, असली कामं. त्यामुळं झाड आणि घर एकमेकांच्या फार जवळ आले की पुढं काय होतं ते मला रोजच्या कामात दिसतं. आणि एक गोष्ट मनाला लागते ती ही की भांडण झालं की शेवटी जातं झाडच. घर कोण पाडणार? पंधरा-वीस वर्षं वाढवलेलं, फुलांनी भरलेलं झाड एका सकाळी करवतीनं खाली येतं, आणि ते लावताना जर अजून वीस फूट पुढं लावलं असतं तर कुणालाच त्याचा त्रास झाला नसता. म्हणून हे पत्र लिहितोय. झाडं लावू नका असं सांगणारा मी नाही, उलट लावलेलं झाड पन्नास वर्षं उभं राहावं म्हणून सांगतोय की शोभेचं झाड कोणतं हे ठरवताना ते घरापासून किती फुटावर लावायचं हे त्याच वेळी ठरवा, आणि रोप विकणाऱ्यानं किंवा वाटणाऱ्यानं ते अंतर रोपासोबत सांगायलाच पाहिजे.

आपल्याकडं जागा गुंठ्यात मोजतात म्हणून झाडपण गुंठ्यातच मोजून बघूया. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. मोकळ्या जागेत नीट वाढलेला गुलमोहर आरामात ४० फूट रुंद पसरतो, त्या घेराखाली साडेबाराशे चौरस फूट जागा येते, म्हणजे एका गुंठ्याला जास्तच. रेन ट्री, ज्याला कुणी वर्षावृक्ष म्हणतात कुणी विलायती शिरीष, तो ६६ फूट पसरला तर खाली तीन गुंठे झाकतो, आणि तो तेवढ्यावर थांबणारा नाही. आता आपले प्लॉट बघा. उपनगरात दीड गुंठा, दोन गुंठे, त्यात घर, पुढं गाडी लावायला जागा, बाजूला पाच फुटाचा बोळ. त्या बोळात गुलमोहर. रोप हातात असताना ते दोन फुटाचं असतंय, कुंडीत मावतंय, त्यामुळं कुणालाच तो गुंठ्याचा हिशोब डोळ्यापुढं येत नाही, आणि रोप देणाराही सांगत नाही.

फांद्या निदान दिसतात तरी, मुळांचं तसं नाही. आपल्या डोक्यात असतंय की झाड जेवढं वर तेवढी मुळं खाली. तसं नसतं. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या दोन-अडीच फुटातच असतात, आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्या बाहेर लांबवर जातात, मोकळी जमीन मिळाली तर घेराच्या दुप्पट-अडीचपट सुद्धा. कारण साधं आहे, मुळाला पाण्याबरोबर हवा पण लागते आणि ती वरच्या थरातच जास्त असते. म्हणून पेव्हिंग ब्लॉक बुंध्यापर्यंत घट्ट बसवले की मुळी ब्लॉकच्या खालोखाल सरकते, तिथं ओल धरून राहिलेली असते ना, आणि जाड होत गेली की ब्लॉक उचलते. मग लोक म्हणतात झाड वाईट. झाडाला तुम्ही श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, ते तरी काय करणार. बुंध्याभोवती चार-पाच फूट उघडी माती ठेवली तर निम्म्या तक्रारी होणारच नाहीत.

ड्रेनेजचं जरा नीट सांगतो कारण याबद्दल गैरसमज फार आहे. चांगल्या, कुठं गळत नसलेल्या पाइपला मूळ सहसा फोडत नाही. आपल्या जुन्या पेठांत आणि जुन्या कॉलन्यांत अजून चिनी मातीचे पाइप आहेत, दोन-दोन फुटाचे तुकडे सिमेंटनं सांधलेले. जमीन थोडी हलली की सांधा उघडतो, केसाएवढी फट पडते, त्यातनं पाणी झिरपतं, आणि जिथं ओल तिथं मूळ वाढतं. दोऱ्याएवढी मुळी आत शिरते, आत खत-पाण्याची चंगळ, मग तिचा असा झुपका होतो की चेंबरमधून ओढून काढताना हातभर लांब जटा बाहेर येते. हे सगळं उन्हाळ्यात कळत नाही, जुलैत पावसाचं पाणी चेंबरमध्ये यायला लागलं की घाण उलटी न्हाणीत येते आणि मग फोन. प्लंबर काय करतो, सळी घालून जटा तोडतो, दोन-तीनशे रुपयांचं ॲसिड ओततो, पुढच्या वर्षी परत तेच. खरा उपाय म्हणजे तेवढी लाइन बदलून पीव्हीसी टाकायची, सांधे सोल्युशननं नीट चिकटवायचे, आणि लाइनीपासून मोठं झाड लांब ठेवायचं. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचंही तसंच, सेप्टिक टाकीचंही तसंच. फायकस, रबर, वड, पिंपळ, उंबर ही सगळी एकाच घराण्यातली, यांची मुळं पाण्याच्या बाबतीत सगळ्यात चिवट, टाकीला बारीक तडा असला तर तिथं पोचणारच. शोभेसाठी म्हणून गेटच्या दोन बाजूला फायकस बेंजामिना लावायची फॅशन आलीय, छान गोल कापून ठेवतात, कापत राहिलं तोवर ठीक, पण घर बदललं, माणूस परगावी गेला, चार वर्षं कापलं नाही की ते खरंखुरं झाड होतं.

आता पायाचं. हा विषय कोल्हापुरात माती बघून बोलायला पाहिजे, सगळीकडं एकच नियम चालत नाही.

पंचगंगेच्या कडेनं, कसबा बावड्याकडं, शिंगणापूर-चिखलीच्या बाजूला काळी माती आहे. उसाची रानं होती, एन.ए. होऊन प्लॉट पडले. ज्यांनी शेती केलीय त्यांना सांगायला नको, काळं रान उन्हाळ्यात कसं भेगाळतं, हात आत जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसात फुगून त्या मिटतात. हीच माती घराच्या पायाखाली पण तेच करते. त्यात जवळ मोठं झाड असेल तर एप्रिल-मेमध्ये ते जमिनीतलं पाणी ओढून घेतं, त्या बाजूची माती जास्त आकसते, पाया तेवढ्याच भागात खाली बसतो आणि भिंतीला तिरका तडा जातो. हा तडा ओळखता येतो. खिडकीच्या किंवा दरवाज्याच्या कोपऱ्यातून निघतो, विटांच्या थरांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो, मे महिन्यात रुंद होतो आणि ऑगस्टमध्ये बारीक होतो. गिलाव्याच्या केसाएवढ्या रेघा असतात त्या वेगळ्या, त्यांना घाबरायचं कारण नाही. शंका असेल तर जुने गवंडी करायचे तसं करा, तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा, पट्टी फुटली तर भिंत हलतीय, नाही फुटली तर तडा जुना आहे. आणि निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, लगेच झाडावर खापर फोडू नका, कारण पन्हळीचं पाणी पायाशी पडत असलं, नळ गळत असला तरी असाच तडा जातो.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, तिथं चिकणमातीवरच्या हजारो घरांना तडे गेले, विमा कंपन्यांकडं दाव्यांचा ढीग लागला, आणि त्यानंतर झाड आणि पाया यांच्यातल्या अंतराचा विचार तिथले बांधकामवाले फार गांभीर्यानं करायला लागले. तिथं झाडाची जात, पूर्ण वाढीची उंची आणि माती किती फुगते हे तिन्ही बघून पायाची खोली ठरवतात. आपल्याकडं आर्किटेक्टच्या नकाशात पार्किंग असतंय, टाकी असतीय, पण झाड कुठं येणार हे असतं का? मला तरी क्वचितच दिसलंय.

काळ्या मातीची अजून एक गोष्ट, ती फार थोड्यांना माहीत असते. झाड जुनं आहे, मोठं आहे, घर त्याच्यानंतर बांधलंय, आणि आता तडा दिसला म्हणून तुम्ही झाड एकदम मुळापासून तोडलं, तर त्रास उलट्या बाजूनं सुरू होऊ शकतो. इतकी वर्षं झाड जे पाणी ओढत होतं ते आता मातीतच राहणार, माती हळूहळू फुगणार आणि पाया वर उचलणार. हे वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे झाड पण गेलं आणि तडा पण राहिला. त्यामुळं काळ्या मातीवर जुनं झाड काढायचा विचार मनात आला तर आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, करवतवाला नंतर.

पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, विद्यापीठाच्या बाजूचा सागरमाळ, इकडं चित्र वेगळं. माळाची जमीन, वर वीतभर माती की खाली मुरूम, मग खडक. इथं पाया सहसा खात्रीचा असतो, माती आकसायचा प्रश्न नाही, पण झाडाला खोल जायला वाव नाही. दीड फुटाचा खड्डा काढून रोप लावलं की मुळं त्या खड्ड्यातच गोल फिरतात, झाड वर वाढतं आणि खाली पकड नसते. माळावरचा वारा तुम्हाला माहीत आहे. वळीव आला की असलं झाड मुळासकट आडवं होतं, खाली बघावं तर मुळांची ताटली निघालेली असते, खोल गेलेलं मूळ एकही नाही. इथं खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल घ्या, मुरूम पहारीनं फोडून घ्या, बाजूच्या भिंती गुळगुळीत ठेवू नका. आणि घरापासून अंतर झाडाच्या उंचीचा विचार करून ठेवा, कारण इथं भीती मुळाची कमी आणि पडण्याची जास्त.

पडण्यावरून आठवलं, गुलमोहराबद्दल थोडं कडू बोलावं लागतंय. मे महिन्यात लालभडक फुललेला गुलमोहर मलाही आवडतो, ताराबाई पार्कातनं जाताना गाडी हळू होतेच. हे झाड मूळचं मादागास्करचं. लाकूड ठिसूळ, फांद्या लांब आणि आडव्या, मुळं वरवर. तीच गोष्ट सोनमोहराची, तीच स्पॅथोडियाची, आणि बुचाची पण, ज्याची पांढरी फुलं आपण लहानपणी पिपाणी करून वाजवायचो. ही झाडं रस्त्याच्या रुंद कडेला, बागेत, मैदानाच्या कडेला शोभतात. घराच्या पत्र्यावर, मंगलोरी कौलांवर, गाडीवर त्यांची फांदी आली की वळवाच्या एका झटक्यात नुकसान ठरलेलं. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि जमीन भिजून मऊ झालेली असते, त्यामुळं घराच्या पश्चिमेला अगदी जवळ उंच झाड असेल तर ते घराकडंच कलण्याचा धोका जास्त.

मग लोक काय करतात, भीती वाटली की शेंडा छाटतात. बुंधा ठेवून वरचं सगळं साफ. दिसायला झाड छोटं झालं, पण त्या कापलेल्या टोकावर पुढच्या वर्षी जे धुमारे फुटतात ते लांबच लांब वाढतात आणि जुन्या लाकडात त्यांची पकड नसते, सालीजवळ वरवर चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांनी तेच धुमारे जाड होऊन तुटतात, वर कापलेल्या जागेतनं पाणी मुरून बुंधा पोखरतो तो वेगळाच. म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि वाढवून ठेवला. विजेच्या तारेखाली लावलेल्या झाडांचं पण असंच, मेमध्ये तारेच्या बाजूच्या फांद्या कापतात, ते कापणं गरजेचंच आहे, लाइनमन बिचारा दुसरं काय करणार, पण दरवर्षी एकाच बाजूनं कापून झाडाचा सगळा भार दुसरीकडं जातो आणि दुसरीकडं बऱ्याच वेळा तुमचं घर असतं. तारेखाली मोठं होणारं झाड लावायचंच नाही, एवढं पाळलं तर लाइनमनचा त्रास वाचेल, झाडाचे हाल वाचतील.

गच्चीच्या पाण्याचं कुणी बोलत नाही. गुलमोहर, सोनमोहर यांची पानं म्हणजे बारीक बारीक दलं, ती वाळली की तांदळाच्या कोंड्यासारखी गच्चीभर पसरतात आणि पावसाच्या पाइपच्या तोंडावर जाऊन बसतात. जाळीवर थर साठतो, पाणी उतरत नाही, गच्चीवर घोटाभर पाणी चार दिवस उभं राहतं आणि मग स्लॅब गळायला लागतो. वॉटरप्रूफिंगचे हजारो रुपये घालवण्याआधी वर जाऊन जाळी बघा, असं मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. फांदी गच्चीवर आलेली असेल तर मे महिन्याच्या शेवटी झाडून घेणं हे पाहिजेच.

पामवाल्यांसाठी पण दोन शब्द. नारळ, रॉयल पाम यांची मुळं दोरीसारखी असतात, ती दुसऱ्या झाडांसारखी जाड होत नाहीत, त्यामुळं पाया उचलायची भीती त्यांच्यापासून फारशी नाही. भीती वरून आहे. रॉयल पामची वाळलेली झावळी माणसाहून मोठी आणि वजनदार असते, ती देठासकट अचानक सुटते. खाली लहान पोरांची सायकल असते, कार असते. नारळाबद्दल सांगायलाच नको. पार्किंगच्या आणि जायच्या-यायच्या वाटेच्या वर ते येणार नाहीत एवढं बघा. आणि उभा अशोक, जो आपण कंपाउंडला चिकटून दोन-दोन फुटावर रांगेत लावतो, तो बारीक दिसतो म्हणून भिंतीला चिकटवू नका, तो पण चाळीस फुटावर जातो आणि बुंधा जाड होत गेला की भिंत ढकलतो. मग शेजाऱ्याशी वाद, अन् शेजारी पण आपलाच माणूस.

सप्तपर्णीचं वेगळंच आहे. झपाट्यानं वाढतं, सरळ जातं, सावली गर्द, म्हणून सगळीकडं वाटलं गेलं. दिवाळीच्या आसपास फुलतं तेव्हा रात्री त्याचा वास इतका दाटतो की काही लोकांचं डोकं धरतं. ते झाड बेडरूमच्या खिडकीशी लावायचं नाहीच. एका घरात आजी म्हणाल्या, "आम्ही दोन महिनं खिडकीच उघडत न्हाई बघा, झाड तर लई गुणाचं हाय, पर वास सोसत न्हाई." तेच झाड कॉलनीच्या मैदानात असतं तर आजींनीच त्याला पाणी घातलं असतं.

मग लावायचं काय आणि किती लांब? मी झाडांचा तज्ज्ञ नाही, पण कामामुळं आणि जाणकारांना विचारून जे कळलंय ते सांगतो, ढोबळ मानानं धरा. वीस फुटाच्या आत राहणारी लहान झाडं, म्हणजे तगर, कुंती, पारिजातक, पांढरा चाफा, यांना घरापासून आठ-दहा फूट पुरतात, जास्वंदीला त्याहून कमी चालतं. मधल्या उंचीची, म्हणजे बहावा, कांचन, सीता अशोक, तामण, यांना पंधरा ते वीस फूट द्या. तामण तर आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल, मे महिन्यात असलं जांभळं फुलतं की गुलमोहराची आठवण येऊ नये, आणि शिस्तीत वाढतं. गुलमोहर, सोनमोहर, बुच, सप्तपर्णी, कडुलिंब, मोठा होऊ दिलेला सोनचाफा, यांना तीस-पस्तीस फूट तरी पाहिजेत. रेन ट्री, वड, पिंपळ घराच्या प्लॉटमध्ये नकोतच, पन्नास-साठ फूट मोकळं असेल तिथंच. आणि काळ्या मातीत सरळ हिशोब धरा, झाड जेवढं उंच होणार तेवढं ते घरापासून लांब. मोजताना रोपाच्या कडेपासून नाही, बुंध्याच्या मध्यापासून मोजायचं आणि भिंतीसोबत ड्रेनेजची लाइन, टाकी, शेजाऱ्याची भिंत, वरची तार हे सगळं मोजायचं. टेप धरायला पाच मिनिटं लागतात.

या हिशोबानं बघितलं तर दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर पुढच्या अंगणात एखादा पारिजातक आणि एखादा चाफा एवढंच बसतं, आणि त्यात कमी काय आहे? सकाळी दारात प्राजक्ताचा सडा पडतो. ऊन अडवायचं असेल तर पश्चिमेला, जिथं दुपारनंतरचं ऊन भिंत तापवतं, तिथं पंधरा फूट सोडून मधल्या उंचीचं झाड लावा, फक्त तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या सोलरवर सावली येत नाही ना ते आधी बघा.

ज्यांच्या दारात आधीच मोठं झाड जवळ आहे त्यांनी हे वाचून कुऱ्हाड शोधू नका, हात जोडून सांगतो. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या दारातलं असलं तरी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. तोडायच्या आधी करण्यासारखं बरंच असतं. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी करा. जुनी लाइन बदला. घरावर आलेली फांदी परवानगी घेऊन, जिथं ती फुटलीय त्या गाठीच्या बाहेरून कापून घ्या, मध्येच खुंट ठेवू नका. पायाच्या बाजूला चर मारून मुळं तोडायचा सल्ला कुणी दिला तर जपून, बुंध्याच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत जाड मूळ तोडलं की त्या बाजूचा आधार गेला, पुढच्या वळवात झाड कुठं पडेल सांगता येत नाही. आणि पॅरापेटवर, चिमणीच्या बाजूला, भिंतीच्या सांध्यात जो पिंपळ-उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतनं उगवतो तो मात्र चार पानांचा असतानाच काढा. पिंपळ म्हणून काढायला मन धजत नाही हे मी समजू शकतो, पावसाळ्यात अलगद मुळासकट काढा आणि गावाकडं देवळाच्या आवारात नाहीतर ओढ्याच्या कडेला लावा, तिथं तो शंभर वर्षं जगेल.

मोठी झाडं शहरात नकोत असं कुणी वाचू नये. टाऊन हॉलच्या बागेत जाऊन बसा, जुन्या झाडांना सगळीकडून मोकळी जमीन आहे, कुणाची भिंत नाही, कुणाची लाइन नाही, म्हणून ती इतकी वर्षं कुणाच्या तक्रारीशिवाय उभी आहेत. आपल्या प्रत्येक कॉलनीच्या ले-आऊटमध्ये ओपन स्पेस सोडलेली असते. बऱ्याच ठिकाणी तिथं खडी, वाळू, जुन्या गाड्या पडलेल्या असतात. गुलमोहर, सोनमोहर, सप्तपर्णी, कडुलिंब यांची खरी जागा ती. तरुण मंडळांनी, महिला मंडळांनी रोपं घरोघरी एकेक वाटण्यापेक्षा मोठी होणारी रोपं ओपन स्पेसमध्ये एकत्र लावावीत, पाण्याची पाळी लावून घ्यावी, आणि घरोघरी द्यायचीच असतील तर तगर, पारिजातक, कुंती द्यावीत. नर्सरीवाल्यांनी रोपाला नाव आणि भाव लिहितात तसं त्याच चिठ्ठीवर पूर्ण वाढ किती फूट आणि घरापासून किती फूट हे दोन आकडे लिहावेत, याला खर्च काही नाही. महापालिकेनं बांधकाम परवान्याच्या नकाशात झाडाची जागा दाखवायला सांगावी, ड्रेनेजची लाइन तिच्यापासून किती लांब आहे ते त्यात दिसू दे.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं. जूनमध्ये वृक्षारोपणाच्या बातम्या आणि कुठलं झाड लावावं याचे लेख तुम्ही छापालच, त्यात प्रत्येक झाडाच्या नावापुढं फुलाचा रंग देता तसं घरापासूनचं अंतर फुटात छापा. अंतर कुणाकडनं तपासून घ्यायचं असेल तर विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे, महापालिकेचा उद्यान विभाग आहे, ते सांगतील. पहिल्या पावसाच्या आधी छापलंत तर याच वर्षीची रोपं योग्य जागी जातील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर